तीन डेसिबलचा फरक

१४ नोव्हेंबर

प्रिय मामी,

नमस्कार. गुडघा कसा आहे? गोळ्या वेळेवर घेतेस ना? मी बरी आहे. इकडे थंडी पडलीय, टेस्ट साइटवरचं गवत पार वाळलंय.

मामा गेल्यावर तू पत्र पाठवलंस, त्याला महिना झाला. "त्यांची नजर अधू झाल्याचं तू वेळीच लक्षात आणून दिलंस, म्हणून त्यांना दोन वर्षं तरी घरी मिळाली," असं तू लिहिलंस. तेव्हापासून उत्तर लिहितेय नि फाडतेय.

मामांचं काम तुला ठाऊक आहे. मैदानाच्या एका टोकाला उपकरण गोल फिरवायचं, दुसऱ्या टोकाला अँटेना खालीवर करायचा आणि उपकरणातून किती रेडिओ लहरी बाहेर पडतात ते वहीत टिपायचं. एकेका उपकरणाला दोन दिवस लागत. मलाही त्यांनीच हाताला धरून शिकवलं. उन्हातली त्यांची दमछाक बघवेना, म्हणून मी आकडे आपोआप एक्सेलच्या शीटमध्ये उतरतील अशी सोय केली. दोन दिवसांचं काम दोन तासांवर आलं.

पडताळणीत मामांचे आकडे शीटपेक्षा तीन डेसिबलने जास्त निघाले. प्रत्येक ओळीत. साहेब म्हणाले, "नजर गेली त्यांची." मामाच मला समजावत म्हणाले, "अगं, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?" महिन्याभरात ते घरी बसले.

मामी, नजरेची चूक प्रत्येक ओळीत सारखी नसते. मला ते पडताळणीनंतर दोन महिन्यांनी सुचलं. अँटेनाच्या केबलमधून येताना सिग्नलचं जेवढं बळ वाया जातं, ते आकड्यात मिळवायचं असतं. माझ्या सूत्रात ते वजा होत होतं. मी गुपचूप चिन्ह बदललं. तोवर मला बढती मिळाली होती.

सांगायचं म्हणूनच नंतर एका रविवारी तुमच्याकडे आले होते. नजरेच्या धास्तीने मामांनी स्कूटर विकली होती. पेपर तू वाचून दाखवत होतीस. "तुझी शीट नीट चालतेय ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, चहा घेतला आणि निघाले.

काल साहेबांना सगळं सांगितलं. त्या दोन महिन्यांतले अहवाल पुन्हा तपासायला काढलेत. माझ्या नोकरीचं काय ते पुढच्या आठवड्यात कळेल.

मामांची वही मी ओळ न् ओळ पडताळली. एकही आकडा चुकलेला नाही. त्यांची नजर शाबूत होती. हे त्यांना सांगायचं होतं, ते तुला सांगतेय.

तुझी म्हणवून घ्यायला न धजणारी,
भाची