भेटीचं रडणं

२ फेब्रुवारी, रविवार

राखीचा फोन! तेरा तारखेला परेड. ट्रेनिंग संपलं! माझी बायको सीआयएसएफची वर्दी घालून उभी राहणार, आणि मी महागाव-पुसद काळीपिवळी जीप हाकणारा तिचा नवरा. लगेच तांडाभर सांगून आलो. राखी गेली तेव्हा ज्यांनी नावं ठेवली होती — "लेकरं टाकून चालली बाई" — त्यांच्या दारात जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

तिला फोन फक्त रविवारी मिळतो, तोही थोडा वेळ. त्यातला अर्धा आमच्या थोरल्या पोरीने, वर्षानेच खाल्ला. मग मी धाकट्या शामला समोर धरला. त्याने नेहमीप्रमाणे फोन उलटा करून मागे पाहिलं — राखी कुठे लपली ते! तो तिला "राखी"च म्हणतो, घरात सगळे तेच म्हणतात म्हणून. याडी म्हणजे आमच्या गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, आई. शामच्या लेखी याडी म्हणजे माझी आई, लालीबाई. मी तिला याडी म्हणतो, तोही म्हणतो; वर्षा तेवढी दादी म्हणते. राखी गेली तेव्हा दीड वर्षाचा होता. तेव्हापासून झोप याडीच्या कुशीत, जेवण याडीच्या ताटात.

फोन ठेवताना राखी हळूच म्हणाली, "वर्षाचे पप्पा, शाम येईन ना हो माह्याजवळ?"

"काहून नाई येईन?" मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला खात्री नाही. अनोळखी बाई दिसली की हा पोरगा तोंड लपवतो. पहाटे उठून मैलोन्‌मैल धावणारी, बंदूक खांद्यावर घेऊन खड्डे ओलांडणारी बाई — आणि घाबरली कोणाला, तर अडीच वर्षांच्या पोराला!

तिकिटं काढली. मी, याडी, दोन पोरं. नांदेडहून थेट राजस्थान.

५ फेब्रुवारी, बुधवार

याडीने नवीनच खूळ काढलं आहे. वर्षाला रडायला शिकवते!

आमच्यात बायका खूप दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून रडतात. नुसते हुंदके नाहीत — सुरात. रडता रडता घरची सगळी खबर सांगून टाकायची. कोण आजारी पडलं, कोणाचं लग्न जमलं, कोणती गाय आटली. सगळं सांगून झालं की डोळे पुसायचे आणि चहा प्यायचा. हल्लीच्या पोरी लाजतात. याडीच्या वयाच्या बायका मात्र बसस्टँडवरसुद्धा सोडत नाहीत.

मी म्हटलं, "अवं, सहा वर्षाची पोरगी हाय थे!"

"मंग? वर्षभरानं माय भेटून राह्यली. मायलेकी का नुसत्या फोटो काढतीन?"

"तू येऊनच राह्यली ना, तू रड."

"माहा आवाज बसला," म्हणाली. हा आवाज शेतातून घरापर्यंत ऐकू येतो!

रोज संध्याकाळी तालीम. याडी राखी होऊन अंगणात उभी राहते. वर्षा धावत जाऊन कमरेला मिठी मारते आणि सुरू करते, "याडी येऽऽ". ते ऐकलं की शाम असेल तिथून पळत सुटतो आणि दोघींच्या मध्ये डोकं घालून घुसतो. मग याडी त्याला उचलते, करकचून दाबते, तो खिदळतो. पुन्हा! पुन्हा! शेजारच्या हंसाबाईने काल घाबरून विचारलं, "कोण गेलं वो?"

७ फेब्रुवारी

आज वर्षाला याडीने मध्येच थांबवलं. "हे नाई. हे लेक सासरी लावून देतानाचं. हे जाणाऱ्याचं रडणं हाय. आपल्याले येणाऱ्याचं पाहिजे."

मला दोन्ही सारखीच ऐकू येतात. वर्षा म्हणते, "पप्पा, तुमचे कान गाडीच्या हॉर्ननं गेले."

१० फेब्रुवारी, सोमवार

डोकं फिरलं आहे! नांदेड स्टेशनवर बसून लिहितो आहे.

सकाळी महागावच्या स्टँडवर सगळे वेळेवर होतो. याडी तिची पिशवी घेऊन, डोक्यावर ओढणी, अगदी तयार. बस लागली. मी पोरांना वर चढवलं, बॅगा कोंबल्या, मागे वळून बघतो तर याडी बाकड्यावर!

"गुडघे धरले रे बेटा. मले काही चढनं होत नाई."

"काल त टोपलं घेऊन चढली होती ना माळ्यावर!"

"थे काल."

कंडक्टर ओरडायला लागला. मी हात जोडले, रागावलो, उचलून चढवतो म्हणालो. याडीने खिडकीतून आपली पिशवी माझ्या हातात दिली आणि शामकडे न बघता म्हणाली, "जा. गाडी सुटन." शामने टाहो फोडला. पार उमरखेडपर्यंत "याडी, याडी!" सगळी बस माझ्याकडे बघत होती. मी स्वतः इतकी वर्षं काळीपिवळीत रडक्या पोरांच्या आईबापांकडे आरशातून डोळे वटारत आलो. आज मला आरसा कळला.

राखीला काय सांगू? हा पोरगा आता दोन दिवस माझ्याजवळ तरी राहील का? म्हातारीला आधी सांगता येत नव्हतं?

११ फेब्रुवारी, गाडीत

राहिला! रडून रडून थकला आणि माझ्या पोटावर झोपला. उठल्यावर पुन्हा याडीची आठवण, पुन्हा टाहो. वर्षाने त्याला खिडकीशी धरून उभं केलं — "थे पाय म्हैस, थे पाय टॉवर." अकोल्यापासून नंदुरबारपर्यंत पोरगी थकली नाही. मी दोनदा डुलकी काढली, ती एकदाही नाही. कोणावर गेली? माझ्यावर तर नाही.

याडीची बर्थ रिकामी आहे. त्यावर शामची चड्डी वाळत घातली.

दुपारी भूक लागली म्हणून तिची पिशवी उघडली. भाकरी, तिळाची चटणी, पोरांचे गरम कपडे, राखीसाठी तिच्या आवडीचे बोरकुटाचे पुडे. खाली शामची वाटी, त्याची गोधडी. पण याडीचा स्वतःचा एक कपडा नाही. दुसरा घागरासुद्धा नाही. म्हातारपणी विसरायला होतं म्हणायचं.

१२ फेब्रुवारी, सकाळ

काय गंमत! आबू रोडच्या पुढे एक मारवाडी आजी चढल्या. मोठा घागरा, हातभर चुडा, बोलणं भरभर. शाम "बाटी, बाटी" करत होता — आम्ही भाकरीला बाटी म्हणतो. आजींनी लगेच डबा उघडून त्याच्या हातात दिली. वर्षाला "छोरी" म्हणून जवळ बसवलं. वर्षा आपल्या बोलीत, त्या त्यांच्या बोलीत, आणि दोघींचं झकास चाललं होतं.

"पप्पा," वर्षा माझ्या कानात म्हणाली, "इतक्या दूर आलो तरी आजी आपल्यासारखीच बोलते. आपण उलटं त नाई आलो?"

आमचे जुने लोक बैलांवर मीठ-धान्य लादून असेच मुलखोमुलूख फिरायचे, पोरंबाळं घेऊन. मला दोन पोरं आणि चार पिशव्यांत घाम फुटला. धन्य ते लोक!

आजी उतरल्या तेव्हा शाम त्यांच्या घागऱ्याला धरून रडला. याडीसारखा घागरा दिसला म्हणून गेला पोरगा. राखी तर पॅन्ट-शर्टात असणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हे नीट लिहून ठेवतो. पुढे कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

परेड पाहिली. शेकडो पोरी, एक पाऊल! जमीन हादरत होती. मी एका पोरीकडे बोट दाखवून वर्षाला म्हटलं, "थे पाय तुही माय." ती दुसरीच निघाली. सगळ्यांचे केस एकसारखे, टोपी एकसारखी, मी तरी काय करणार? पण नंतर राखी आमच्या समोरून गेली आणि मी ओळखलं — मान ताठ असली तरी डोळे आम्हालाच शोधत होते. ही तीच बाई, जी लग्नात मान वर करून बघत नव्हती! छाती भरून आली माझी. शेजारच्या हरियाणाच्या माणसाला दोनदा सांगितलं, "मेरी घरवाली है."

मग घरच्यांना मैदानावर सोडलं. राखी आली. काळी पडली आहे, खांदे रुंद झाले आहेत. आमच्यापासून थोडी दूरच थांबली. गुडघ्यांवर बसली, हात पसरले आणि म्हणाली, "शाम..."

शामने माझ्या मानेला घट्ट विळखा घातला आणि तोंड लपवलं. मी त्याला सोडवायला गेलो तर किंचाळला. राखीने हात पसरलेलेच ठेवले. तिचा चेहरा मला बघवेना. "राहू द्या," म्हणाली, "घाबरला थो."

तेवढ्यात वर्षा सुटली. धावत जाऊन आईच्या गळ्यात पडली आणि भर मैदानात, बँडवाल्यांच्या समोर, सुरू केलं — "याडी येऽऽ!"

काय रडली पोरगी! याडीच्या सुरात, याडीच्या हुंदक्यात. आणि खबर सगळी! शेळीला दोन पिल्लं झाली, याडी येऽऽ. माझा दात पडला, याडी येऽऽ. पप्पानं गाडी झाडाले ठोकली अन् तुले सांगतली नाई, याडी येऽऽ! आजूबाजूच्या पोरी आधी हसल्या. मग एकेकीने टोपी काढली आणि डोळे पुसायला लागल्या. भाषा कोणाला कळत होती? पण रडत सगळ्या होत्या.

आणि माझ्या मानेवरचा विळखा सैल झाला.

शामने डोकं वर केलं. ऐकलं. त्याचा खेळ! माझ्या अंगावरून घसरत खाली उतरला, पळत गेला आणि त्या दोघींच्या मध्ये डोकं घालून घुसला. राखीने त्याला उचललं, करकचून दाबलं. तो खिदळला! मग वर तोंड करून त्याने बघितलं की आपल्याला कोणी दाबलं. बराच वेळ बघितलं. टोपीला हात लावला. म्हणाला, "राखी." आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

राखी वर्दीत होती. तरी रडली. मोठ्या मॅडम तिकडूनच चालल्या होत्या. थांबल्या, बघितलं आणि मान वळवून पुढे गेल्या.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

राखीला हैदराबाद मिळालं. दोन आठवडे सुट्टी, मग हजर व्हायचं. खोली घेऊन पोरांना सोबतच ठेवू म्हणते. मलाही तिकडे गाडी चालवता येईल. शाम रात्री तिच्याजवळ झोपला. एकदा उठून रडला, तिने थोपटलं, पुन्हा झोपला. घागरा नाही, याडी नाही, तरी झोपला.

याडीला फोन लावला. हंसाबाईने उचलला.

"थे त हरभरा सोंगाले गेली. फोन घरीच ठेवून."

"अन् गुडघे?"

"कायचे गुडघे? तुम्ही गेले त्या दिवशी स्टँडवरून पायीच आली ना थे. मी म्हटलं, लाली, ऑटोनं यायचं होतं. म्हणे, चाललं की जरा बरं वाटते."

फोन ठेवला. तालीम. पिशवी. खिडकीतून शामकडे न बघणं. ती सोबत असती तर शाम दुसऱ्या कोणाच्या कुशीत गेला असता का? आणि मी तिच्यावर रागावलो होतो! अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. माझी आई आहे म्हणून म्हणत नाही.

संध्याकाळी याडी शेतातून परत आल्यावर बोललो. हैदराबादचं सांगितलं. म्हणाली, "मंग, चांगलं झालं. शामले रात्री पाणी लागते, उशाशी ठेवजा."

१७ फेब्रुवारी, सोमवार

घरी पोचलो. याडी अंगणात उभी होती. शाम राखीच्या कडेवरून "याडी!" म्हणून ओरडला, हात हलवला, पण खाली उतरला नाही. याडी पुढे आली, राखीच्या गळ्यात पडली आणि सुरू केलं. सगळा तांडा ऐकेल असं. राखी रडली, मी रडलो, हंसाबाई कुंपणापलीकडून रडली.

वर्षा तेवढी रडेना. माझा शर्ट ओढून हळूच म्हणाली, "पप्पा, दादी चुकली. हे येणाऱ्याचं नाई. जाणाऱ्याचं हाय."