आजचा लिलाव तुझा

अरशद बाळा,

तू उठशील तेव्हा आम्ही निघालेलो असू. संध्याकाळी लाँच धक्क्याला लागली की मासळीचा लिलाव तूच पुकार. मी मागे उभा असलो की व्यापारी तुझ्याकडे बघतच नाहीत. कितीला सोडायची ते तू ठरव.

मी तुझ्या अम्मीला घेऊन आरे-वाऱ्याच्या किनाऱ्यावर चाललोय. ती म्हणते, "समुद्राकडे पाठ करून मासळीच्या भावावरून भांडणारा नवरा पुष्कळ बघितला. आज जरा तोंड तिकडे करा." माझा फोनही तिने घरीच ठेवायला लावलाय.

भाव काय आला ते रात्री जेवण झाल्यावरच सांग. आधी सांगितलंस तर मी बोलल्याशिवाय राहणार नाही आणि ती मला ताटावरून उठवील.

अक्षर लागलं नाही तर तुझ्या लेकीला, इकराला विचार. मला लिहायला शिकवणारी मास्तरीण तीच.

अब्बा