मेलेल्यांचा कागद

३ मार्च १९४२, बेलग्रेड
लागली बाई एकदाची नोकरी! तीही साक्षात पंतप्रधानांच्या घरी, टायपिस्ट म्हणून. देश जर्मनांनी घेतला आणि कारभार आमच्या या म्हाताऱ्या जनरलसाहेबांच्या गळ्यात बांधला. लोक त्यांना नाही नाही ते बोलतात, पण माझ्याशी किती गोड! आल्या आल्या विचारलं, जेवलीस का, मुली? माझा धाकटा भाऊ तिहोमिर छावणीत ओलीस आहे, तेही कानावर घातलं. बघतो म्हणाले. मला रडूच आलं. स्वयंपाकीण स्तामेनाबाई मात्र फिस्कारली, की त्यांच्या 'बघतो'नं आजवर कुणी सुटलेलं नाही. खवट मेली!

७ मार्च, शनिवार
साहेबांनी उद्या चर्चमध्ये प्रार्थनेत वाचायची नावं टाइप करायला सांगितली. जिवंतांचा कागद वेगळा, मेलेल्यांचा वेगळा. मेलेल्यांत पंचवीस जण. सांगताना साहेबांचे डोळे भरून आले. पण त्यात पाववाला मिलुतिन कसा? परवाच त्याची बायको छावणीत त्याला सदरा देऊन आली. म्हातारपणी होतो गोंधळ. मी तसंच लिहिलं.

१० मार्च
भिंतीवर जर्मनांचं पत्रक लागलंय. आज सकाळी पंचवीस ओलिसांना गोळ्या घातल्या. मिलुतिन आहे. सगळे मी लिहिलेल्या कागदावरचेच आहेत.
स्तामेनाबाईला विचारलं. भांडी घासता घासता म्हणाली, अगं वेडे, जर्मन नुसता आकडा पाठवतात, नावं हा तुझा साहेबच काढतो. देवभोळा ना, म्हणून जिवंतपणीच त्यांना मेलेल्यांची प्रार्थना वाचून घेतो.


१४ मार्च, शनिवार
पुन्हा पंचवीस. बोटं चालेनात. साहेब म्हणाले, सावकाश, मुली. लिहिणारी मीच ना? मग मी कोण—

२१ मार्च, शनिवार
विसावं नाव तिहोमिर. माझा तिहोमिर! साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विसरले असतील— नाही, विसरले नाहीत—
मी त्याला जिवंतांच्या कागदावर लिहिलं.

दुपार
त्यांनी मोजलं. चोवीस. ओरडले नाहीत. मायेनं म्हणाले, आकडा भरावाच लागतो, मुली. भाऊ राहू दे, बदली नाव तू सांग. छावणीबाहेरचं कुणीही चालेल, शिपाई धरून आणतील.
देवा, मला दुसरं कुणी सुचलंच नाही—
पूर्ण नाव लागतं— तिचं आडनाव मला माहीत नाही. म्हणून स्वयंपाकघरात तिलाच विचारायला आले. वही मांडीवरच आहे. स्तामेनाबाईनं आधी बसवलं, घेवड्याचं सूप वाढलं. पर्सिदा, गरम आहे तोवर पी म्हणाली. मग हात पुसत एवढंच विचारलं, की आडनाव माहेरचं हवं की सासरचं—
मी म्हटलं—