कॅरव्हॅन मागे कोण घेणार?

आयव्ही, आधी तुझ्या नवऱ्याला सांग, आमच्या घरात पुन्हा मोटरहोमचं नाव काढायचं नाही. ईस्टरला आला, माझ्या हातचं कोकरू दोनदा वाढून घेतलं आणि जाताना क्लॅरीच्या डोक्यात ते भूत घालून गेला. तुमचे डेसराव परत गेले किम्बाला, भूत राहिलं माझ्याकडे.

आता रीतीप्रमाणे: पत्र पोचेल तेव्हा तुझा गुडघा, तुझ्या कोंबड्या आणि टाकीतलं पाणी, सगळं जागच्या जागी असो. आम्ही स्ट्रीकी बेला समुद्राकाठी आहोत. मी ठणठणीत, आणि क्लॅरीही मान सोडून बरा आहे. (अक्षर लावून वाच. मला शाळेतून काढून गाईंच्या धारा काढायला बसवलं तेव्हा तू पाळण्यात होतीस. पुढे तू मात्र हायस्कुलात गेलीस. मी काही म्हणत नाही.)

तर मान. डॉक्टर म्हणाला मणके झिजलेत, आता खांद्यावरून मागे बघणं विसरा. पुढे जायला काही अडत नाही, पुढे तो पर्थपर्यंत जाईल. पण मुक्कामाला पोचलं की गाडीमागे जोडलेली कॅरव्हॅन मागे घेऊन जागेवर लावावी लागते, आणि ती वेळ म्हणजे काय असते ते तुला ठाऊक आहे. सगळा कॅम्प घडीच्या खुर्च्या तिकडे वळवतो, हातात ग्लास घेतो आणि नवराबायकोची जुंपायची वाट बघत बसतो. आजवर आमच्याकडून लोकांची निराशाच व्हायची, कारण क्लॅरी एका दमात लावायचा. परवा मात्र त्यांची चंगळ झाली. मी मागे उभी राहून दोन्ही हात हलवतेय, थांब थांब म्हणून ओरडतेय, आणि हा येतोय! आरशात बघ म्हणावं, तर आरशात या माणसाला फक्त आपलंच बरोबर दिसतं. शेजारणीचं कपडे वाळत घालायचं लोखंडी झाड आडवं झालं आणि तिच्या नवऱ्याची आतली चड्डी आमच्या मागच्या दिव्यावर फडकायला लागली. "अजून जरा डावीकडे घ्या, टॉवेल राहिलाय!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. क्लॅरी चहालासुद्धा उतरला नाही. काच वर करून गाडीतच बसून राहिला. मी दार उघडलं तर पुढे बघतच म्हणाला, "संपलं गं मर्ना आपलं."

संपलं म्हणजे काय, तर ॲडलेडला कोलीनकडे. लेकीने गॅरेजमागची खोली आमच्यासाठी कधीची झाडून ठेवलीय, खिडकीत जिरेनियमची कुंडीपण आहे. मला जिरेनियम बघवत नाही. आणि क्लॅरीला तिथे महिनाभर ठेवला, तर तोही कुंडीत लावल्यासारखा होईल. ते नाही तर मग डेसरावांचं म्हणणं: कॅरव्हॅन विका, आमच्यासारखं मोटरहोम घ्या, इंजिन आणि घर एकाच डब्यात, मागे ओढायला काही नाही.

बरं म्हटलं, बघू तरी. भाड्याने आणलं. पहिल्याच संध्याकाळी दूध संपलं. एरवी कॅरव्हॅन जागेवर सोडायची आणि नुसती गाडी घेऊन दुकानात जायचं. इथे दुधाला सगळं घर चाललं! दारावरचं कापडी छत गुंडाळा, कप्प्यांना खिट्ट्या घाला, किटली मांडीवर धरा. जागा जाऊ नये म्हणून क्लॅरीने आमच्या दोन खुर्च्या तिथे मांडून ठेवल्या. परत येतो तर जागेवर टास्मानियाच्या कुणाची तरी बस, आणि आमच्याच खुर्च्यांत ती दोघं चहा पीत बसलेली. बाई हसून म्हणते, "या ना, बसा." कुठं बसू, तुझ्या मांडीवर? (हे मी म्हणाले. क्लॅरी सॉरी म्हणाला. कशाबद्दल, ते त्यालाच माहीत.) त्यावरून आमचं वाजलं, आणि तेव्हा खरी गोम कळली. कॅरव्हॅन असली की भांडण झाल्यावर एकाने गाडीत जाऊन बसावं, एकाने आत. मोटरहोममध्ये रागावून जाणार कुठे? चार पावलांवर तोच माणूस, तीच मान, आणि चहा बिनदुधाचा, कारण दूध क्लॅरी खुर्च्यांपाशी विसरून आला होता.

तेव्हा माझं ठरलंय. मोटरहोम नाही, कोलीन नाही, कुंडी नाही. कॅरव्हॅन मागे मी घेणार. हसू नकोस. कॅरव्हॅन डावीकडे न्यायची तर चाक उजवीकडे फिरवायचं, एवढंच ना? लग्न झाल्यापासून क्लॅरीला मी असाच हवा तिकडे नेत आलेय.

पुढच्या आठवड्यात येतो. कोंबड्यांना माझा नमस्कार.

तुझी थोरली,
मर्ना

ता.क. तू मेंढ्यांचा ट्रेलर मागे घेऊन त्यांना चढवायच्या धक्क्याला लावतेस, तसंच मला शिकव. मेंढ्यांनी खाऊन साफ केलेलं ते मागचं रान मोकळं ठेव, आणि मेंढ्या दुसरीकडे हलव. बघे मला पुरे झाले.

ता.क. क्लॅरीला यातलं अक्षर सांगितलेलं नाही. मला जमलं की मगच सांगेन, नाहीतर तो माझ्याआधी हरेल. त्याला वाटतंय आम्ही तुमचं मोटरहोम बघायला येतोय. तेव्हा वर डेसबद्दल लिहिलं ते सोड. त्याला म्हणावं, क्लॅरीला शेडमध्ये ने आणि मोटरहोमवर बोल. पोटभर बोल. इंजिनापासून सुरू कर आणि जेवायची हाक येईपर्यंत थांबू नकोस.

ता.क. पण का, ते त्याला सांगू नकोस, त्याच्या पोटात काही राहत नाही. उत्तर तूच लिहायचंस. डेसला पाकिटावर तिकीटसुद्धा चिकटवू देऊ नकोस.