चौघींतली एक

३ मे १८४१, टोंगा बेट
पाद्रीबाबांनी आज राजांना स्पष्टच सांगितलं — बाप्तिस्मा हवा तर एकच बायको. चौघींतली एक! मी थोरली. दुसरी माझीच धाकटी बहीण पुआ. उरलेल्या दोघी परक्या बेटांवरच्या. पाद्रीबाबांना वाटतं, राजांना बायकांची हौस आहे. कसली हौस! तिसरीच्या बापाकडे नावा आहेत. चौथीच्या भावांनी लढाई थांबवली ती तिला इथे दिल्यावर. त्या माहेरी गेल्या की नावा गेल्या, तहही गेला. हे पाद्रीबाबांच्या डोक्यात शिरत नाही. लिहायला त्यांनीच शिकवलं, म्हणून निदान इथे तरी चरफडते.

५ मे
राजे जेवेनात. कोनफळं भाजून पुढे ठेवली, हात लावला नाही. नुसता कावा, ते मुळांचं गुंगीचं पेय, पीत बसलेत.

८ मे
चौथी म्हणाली, "ताई, तुला कसली काळजी? थोरलीलाच ठेवणार." खरं आहे, म्हणूनच टोचलं. मला मूल होईना, तेव्हा रीतीप्रमाणे पुआला मीच माहेराहून आणली. ती यायला तयार नव्हती. मी म्हटलं, "माझ्यासाठी चल." आली बिचारी. तिचा मुलगा आम्हा दोघींना आईच म्हणतो, आमच्या टोंगात मावशी वेगळी नसतेच. पाद्रीबाबा विचारतात, "पण खरी आई कोण?" आता काय सांगायचं, कपाळ!

१२ मे
नणंदबाई आल्या. आमच्यात बहिणीचा मान वरचा, तिच्यापुढे राजांचीही मान खाली. त्यांनी एका दमात निकाल लावला, "थोरली राहील. बाकीच्या माहेरी. पोर राजाचं, ते इथेच." पुआ समोरच होती. मुलाचा हात धरून बाहेर गेली. मी तिची बाजू घेतली नाही. स्वतःचीच चीड येते आहे.

१३ मे
पुआ दिवसभर मुलाला पोहायला शिकवत होती. जेवायलाही आली नाही.

१५ मे
राजांना लिहिता येत नाही. कुठली बायको ठेवणार त्या कागदाखाली खूण केली आणि म्हणाले, "वर तुझं नाव घाल. उद्या पाद्रीबाबांच्या देवळात वाचायचंय."

१६ मे, रविवार
पाद्रीबाबांनी पुआचं नाव वाचलं. मीच लिहिलं होतं. देवळात सगळ्यांसमोर वाचलेलं आता नणंदबाईंनाही फिरवता येणार नाही. माहेरच्या नावेत बसले आहे. किनाऱ्यावरून मुलगा "आई, आई" म्हणून हाका मारतोय. पुआ त्याच्या शेजारीच उभी आहे.