चिटणीसबाईंच्या नावाचं पाकीट

मी, खाली सही करणारा, धंद्याने दातांच्या कवळ्या बनवणारा, आता निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. “मन स्थिर असताना” असंही लिहायची पद्धत आहे. ते मी लिहीत नाही, कारण एवढ्यात मी दोनदा उठलो, खिडकीपाशी जाऊन आलो, गॅस बंद आहे ना ते पाहिलं आणि पुन्हा बसलो. या सगळ्याचं मूळ कपाटावरचं पाकीट. माझ्या पत्नीला मी आणि सगळं तिकीटसंग्राहक मंडळ चिटणीसबाई म्हणत असू. ती गेल्यावर ते तिच्या नावाने आलं आणि तेव्हापासून इथेच पडून आहे. रविवारी मंडळाची सभा आहे. तिचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, मंडळाचा अध्यक्ष आहे, आणि त्या सभेत तो हे पाकीट फिरवणं कायमचं बंद करायचं म्हणतो. त्याआधी माझी निरवानिरव झालेली बरी.

कलम एक. राहतं घर, वरच्या पोटमाळ्यासकट, माझ्या लेकीला. न्हाणीघराचा नळ बंद करताना डावीकडे जरा दाबून धरावा. प्लंबरला बोलावू नये, तो आणखी वाट लावतो.

कलम दोन. बँकेत जे काही असेल तेही तिलाच. मेहुण्याने नेलेली शिडी माझी आहे. तो ती आपली म्हणतो. त्याच्याशी वाद घालत बसू नये, सरळ उचलून आणावी.

कलम तीन. कवळ्या घासायचं यंत्र, मेणाचे चाकू, लहानमोठे चिमटे लेकीने विकावेत किंवा वाटावेत. भिंगाचा दिवा खालच्या औषधवाल्याला, कारण त्याला डॉक्टरांचं अक्षर लागत नाही. (खोडलं. औषधवाला साक्षीदार म्हणून सही करणार आहे आणि साक्षीदाराला काही द्यायचं नसतं म्हणे. दिवा लेकीला. तिने तो पुढे त्याला दिला तर माझी हरकत नाही. हरकत घ्यायला मी असणारच नाही.)

पाणी पिऊन आलो.

कलम चार. चिटणीसबाईंचे सर्व अल्बम मंडळाला, सगळ्यांनी बघावेत म्हणून. अट एकच: अध्यक्षांनी त्यांना एकट्याने हात लावू नये. कारण सांगतो. बेटावरचा देश आणि डोंगरापलीकडचा देश यांचं फाटलं आणि त्यांच्यातलं टपाल बंद पडलं. त्या दोन्हीकडच्या मंडळांचं एकमेकांशी तिकिटांच्या अदलाबदलीचं पाकीट फिरायचं, ते अडकलं. तेव्हा चिटणीसबाईंनी दोघांना कळवलं, “आमच्याशी तुमचं दोघांचंही टपाल चालू आहे. पाकीट आमच्या घरावरून जाऊ दे.” असं पहिलं पाकीट आलं त्याच्या लिफाफ्यावर तीन देशांचे शिक्के होते. असला लिफाफा जसाच्या तसा ठेवायचा असतो, शिक्के हीच त्याची किंमत. या गृहस्थाने तिकिटं सुटावीत म्हणून तो बादलीत भिजवला! लिफाफ्याचा लगदा झाला, शिक्के अर्धे तिकिटांवर आणि अर्धे पाण्यात. वर म्हणतो, “ताई, तिकिटं तर शाबूत आहेत!” ती कित्येक दिवस त्याच्याशी बोलली नाही. मी अजून विसरलेलो नाही.

कलम पाच. आता पाकीट. आत जाड कागदाची पानं आहेत, त्यांवर चौकटी, चौकटीत तिकिटं. हवं ते काढावं, रिकाम्या चौकटीत सही करावी, त्याच तोलाचं आपलं एक तिकीट लावावं आणि पाकीट पुढे धाडावं. पैशाचा व्यवहार नाही. भाषा तर कोणालाच कोणाची येत नाही. बेटावरचे डॉक्टर आणि डोंगरापलीकडची शिंपीणबाई यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, आणि आता त्यांच्यातली एकुलती एक वाट माझ्या जेवणाच्या टेबलावरून जाते. मी ती अडवून बसलो आहे.

सभासद गेला की पाकीट एकदा त्याच्या घरी येतं, असा तिन्ही मंडळांचा रिवाज आहे. घरातल्या कोणीतरी आठवणीसाठी एक तिकीट काढायचं, बदल्यात काही लावायचं नाही. चौकटीत गेलेल्याच्या नावाने शेवटची सही करायची, यादीतलं त्याचं नाव खोडायचं. मी पाकीट कितीदा उघडलं आणि कितीदा बंद केलं. मला ते नाव खोडवत नाही. बस्स. खोडलं की तिच्या नावाने या घरी पुन्हा काही येणार नाही.

शिंपीणबाईंनी शब्दकोश समोर ठेवून लिहिलं, “घाई नाही. परंतु डॉक्टरांनी मागितलेले तिकीट आत आहे. डॉक्टर वृद्ध आहेत.” मेहुणा म्हणतो, “दाजी, एवढं जड जातंय तर बंदच करून टाकू ना. तिकिटं सारखी वाटून देऊ.” तेही मला करायचं नाही. सबब, माझ्या मृत्यूनंतर माझ्या लेकीने तिच्या आईच्या नावाची सही करावी, नाव खोडावं आणि पाकीट पुढे पाठवावं.

इथे लिहिणं थांबलं. लेक साक्षीदारांना घेऊन आली. साक्षीदार म्हणजे औषधवाला आणि मेहुणा. मेहुण्याला मुद्दाम बोलावलं, म्हणजे त्याला काही मिळायला नको. खांद्यावरची पर्सही न उतरवता लेकीने उभ्याउभ्या सगळं वाचलं.

“बाबा, म्हणजे तुम्ही मरेपर्यंत डॉक्टरांनी थांबायचं?”

“तसं कुठे लिहिलंय?”

“तसंच लिहिलंय. आणि आईचं नाव मी खोडायचं? मला काय ते सोपं आहे का?”

मेहुणा खाकरला. “म्हणून मी म्हणतो, बंदच...”

“मामा, तू थांब जरा.”

तिने स्टूल ओढलं, पाकीट खाली काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि शेजारी बसली. “मी इथेच आहे. पण करायचं तुम्ही.”

मी शिंपीणबाईंच्या पानावरचं एक ट्रॅक्टरचं तिकीट काढलं. अगदी साधं, चार लोक फेकून देतील असं. चौकटीत चिटणीसबाईंच्या नावाने सही केली. यादीतलं तिचं नाव खोडलं. रडलो. दोन्ही साक्षीदारांसमोर रडलो, तेही नोंदवून ठेवतो. मग खोडलेल्या नावाखाली मी माझं नाव लिहिलं.

मेहुणा म्हणाला, “दाजी, तुम्ही सभासदच नाही.”

“मग करून घ्या. अध्यक्ष समोरच बसलेत.”

त्याने त्या खोडलेल्या नावावरून बोट फिरवलं. बहीण होती ती त्याची. मग म्हणाला, “वर्गणी सावकाश द्या.”

“आणि रविवारचा विषय?”

“काढून टाकला.”

लेक तशीच पोस्टात जाऊन आली. पावती सोबत टाचली आहे.

कलम पाच रद्द. त्याऐवजी असं: मी गेल्यावर पाकीट माझ्या नावाने येईल. पोरी, तेव्हा कुठलंही एक तिकीट काढ, सही कर, माझं नाव खोड आणि दुसऱ्या दिवशी पाकीट पुढे पाठव. रडू आलं तर खुशाल रड, पण पाकीट अडवू नकोस, पलीकडे माणसं वाट बघत असतात. माझ्याखाली तुझं नाव लिहायचं की नाही, ते तुझं तू बघ. सक्ती नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, खाडाखोड माझीच आहे.

सही: कवळीवाला, सभासद, तिकीटसंग्राहक मंडळ

साक्षीदार: १. खालचा औषधवाला २. मेहुणा

ठिकाण: राहत्या घरचं जेवणाचं टेबल

दिनांक: पोस्टाच्या पावतीवर आहे तोच