काश्मीरचा खारट चहा

श्रीनगर, १२ मे १९६६

प्रिय शालूताई,

इथूनच तुझ्या पाया पडते. तुझा गुडघा कसा आहे? पालघरच्या नव्या डॉक्टरांच्या गोळ्या घेतेस, की कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात करायचीस तशा कुंडीत पुरतेस? आम्ही दोघं खुशाल आहोत, असं आमचे हे म्हणतात.

पेन्शन सुरू होताच ह्यांनी काश्मीर दाखवतो म्हटलं, तेव्हाच मला शंका आली. (तीस वर्षांत डहाणूची जत्रासुद्धा दाखवली नाही.) इथे राहायला नाव दिली आहे. घिवलीत राहून मला नावेचं काय कौतुक? पण हिला पडदे आहेत, गालिचा आहे आणि जाळं म्हणून नाही, मग ही करते तरी काय? आपण फिरायला गेल्यावर सामानासकट हलवली तर शोधायची कुठे, म्हणून मी समोरच्या चिनाराला लाल रिबीन बांधून ठेवली. संध्याकाळी नाव तिथेच होती, रिबीन मात्र नव्हती. ती नावाड्याच्या नातीच्या वेणीत दिसली, वसतिगृहात सिस्टर ॲग्नेस आपल्याला बांधायच्या तशीच घट्ट.

मार्तंडाचं देऊळ पाहिलं. एवढे थोरले दगड आणि वर छप्पर नाही. कोणी नेलं विचारलं, तर गाईड म्हणाला, फार जुनी गोष्ट आहे. (उत्तर टाळायची ही एक रीत.)

काल गुलमर्गला घोड्यावरून निघालो. घोडेवाला म्हणाला, "माताजी, लगाम छोड़ दो, घोड़ा रास्ता जानता है." ज्याला रस्ता माहीत आहे त्याला आणखी काय काय माहीत असेल, म्हणून मी लगाम घट्ट ओढून धरला. तसा घोडा वळला तो थेट घोडेवाल्याच्या दारात. त्याच्या बायकोने शेगडी पुढे सरकवली आणि गुलाबी चहा दिला. मी तो आधी ह्यांना पाजला. (ह्यांना काही झालं नाही, तेव्हा मी घेतला.) चहा खारट होता, ताई. एक घोट गिळला आणि मी ताडकन उठलेच. पुढे बर्फ होता म्हणे, मला काही दिसला नाही. का उठले ते इथे लिहीत नाही, कारण हे शेजारी बसून अक्रोड फोडताहेत.

तुझी धाकटी,
आनंदी

ता. क. हे अंघोळीला गेलेत. निघताना मी आईच्या पाटल्या मिठाच्या बरणीत पुरून ठेवल्या. (तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कामावर कुठकुठची माणसं आलीत, हल्ली बोईसर स्टेशनवर ओळखीचं तोंड दिसत नाही.) ह्यांना सांगितलं नाही, ह्यांच्या पोटात काही राहत नाही. आणि आमच्या वाडीवर कामाला असलेल्या राहीबाईला मीच सांगून आले, कैऱ्या खारव, मीठ आमच्याच बरणीतलं घे. तिच्यावर माझा संशय नाही. पण हे पत्र मिळताच तू घिवलीला जा, चिमूटभर मीठ मागायला म्हणून, आणि बरणीत कोपरापर्यंत हात घाल.

ता. क. दुसरा. जाऊ नकोस. राहीबाईचं कार्ड आलं, शाळेच्या गुरुजींच्या अक्षरात. (म्हणजे गुरुजींना कळलं, टपालवाल्याला कळलं.) नावाड्याने ते ह्यांच्याच हातात दिलं आणि ह्यांनी मोठ्याने वाचलं: "बाय, मिठात पाटल्या गावल्या. माज्या हातात घातल्यात, आता कोन काडनार नाय. भाऊला सांगत नाय. आपल्या मानसापासून लपवायची पाळी तुज्यावर आली, मना लई वाईट वाटला." (तिचा भाऊ म्हणजे हेच.)

हे तेव्हापासून तळ्याकडे तोंड करून बसलेत. "तीस वर्षं," एवढंच म्हणाले. चहासुद्धा घेतला नाही. पाटल्या सुखरूप आहेत, पण मला त्याचं सुख नाही. तेव्हा ताई, ह्यांना चार ओळी लिही, की लपवायला आणि कोणाला न सांगायला तूच बजावलं होतंस. तुझ्यावर ह्यांचा विश्वास आहे. (खोटं लिहिताना सिस्टर ॲग्नेस आठवतील. मलाही आठवल्या.) नाही म्हणू नकोस, मी ह्यांना तसं आधीच सांगून टाकलंय.